सर्टिफिकेट १ नग, वॉरंटी ५ वर्षे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

संस्थांच्या वेबसाइट सांभाळण्याचे काम मी मिरजेत करतो, त्यामुळे दरपत्रकांच्या सूचना चाळणे ओघानेच येते. परवा एका महाविद्यालयाची सूचना हाती पडली. वॉटर कूलर ८० लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा, दोन नळांचा हवा, असे सविस्तर लिहिलेले. त्याखाली: 'एस.एस.एल. सर्टिफिकेट, १ नग, वॉरंटी ५ वर्षे, भांडार विभागात पोहोच.'

हे सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटची ओळख पटवणारी आणि तिच्याशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक (एन्क्रिप्ट) करू देणारी डिजिटल फाइल. तिच्यावर दर काय लावायचा? त्यांच्या प्रवेश, निकाल आणि ग्रंथालयासाठी वेगवेगळी सबडोमेन, म्हणजे मुख्य नावाच्या आधी शब्द जोडून केलेले उपपत्ते, आहेत. फक्त मुख्य नावाचे सर्टिफिकेट घेतले, तर निकालाच्या दिवशी पोरांच्या मोबाइलवर धोक्याची सूचना झळकणार. सगळ्या सबडोमेनना मिळून चालणारे वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घ्यावे, तर तेही सबडोमेनच्या एकाच पायरीपर्यंत चालते. शिवाय केवळ डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, ताबा तपासून मिळणारे डीव्ही हवे, की संस्थेची पडताळणी करून दिले जाणारे ओव्ही? लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे डीव्ही तर फुकट मिळते आणि एन्क्रिप्शन त्यातही कमी नसते. मग एक जण नुसती बसवण्याची मजुरी लावतो, दुसरा ओव्ही वाइल्डकार्डचा दर भरतो, आणि तुलनात्मक तक्त्यात दोघे शेजारी बसतात. कमी दर तो मंजूर. लेखापरीक्षकही खूश!

पाच वर्षांचे एक सर्टिफिकेट तर मिळतच नाही. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस झाली. पुढचे वेळापत्रकही ठरले आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून अवघे ४७. म्हणजे खरेदी नूतनीकरणासकट करावी लागते. किती वर्षे, मुदत संपण्याआधी बदलणार कोण, आपोआप की हाताने, सर्व्हर लिनक्सचा की विंडोजचा, हे सूचनेतच हवे.

आणि प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, संस्थेच्याच सर्व्हरवर तयार व्हावी, ही अट मी अजून एकाही सूचनेत वाचलेली नाही. पुरवठादार ती आपल्या लॅपटॉपवर बनवून ई-मेलने धाडतो. प्रत त्याच्याकडे राहतेच. धंद्यातलाच आहे, म्हणून सांगतो.

कार्यालयात फोन केला. "मागच्या वर्षीच्या नमुन्यात एवढेच होते," असे उत्तर मिळाले. दरपत्रक मी भरलेले नाही. त्याऐवजी डोमेन-सबडोमेनच्या नावांची यादी, प्रकार, सर्व्हर आणि कालावधी लिहिण्यासाठी रकाने आखून अर्ध्या पानाचा तक्ता प्राचार्यांना पाठवला आहे. तो भरून सूचना पुन्हा काढली, तर दर कळवीन.

एक पुरवठादार, मिरज