तुकडे नकोत, अख्खा एपिसोड दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत टीव्हीवरच्या जुन्या रॉक आणि पॉप कार्यक्रमांवर एक छोटा लेख आला होता, आवडला, मनापासून सांगतो, कारण मराठी पेपरात या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही. पण त्यातलं एक वाक्य मला दोन दिवस डाचत राहिलंय. लेखकाचं म्हणणं असं की गाजलेले परफॉर्मन्स आता क्लिपच्या रूपात मिळतातच, मग ते तासातासाचे कार्यक्रम कोण कशाला बघत बसेल. मी बसतो बघत. माझ्यासारखे अजून सात-आठ जण आहेत, आम्ही ठरवून एखादा जुना एपिसोड बघतो आणि मग त्याच्यावर तास-दीड तास वाद घालतो, कुठला बँड खरंच वाजवत होता, कुणाचा आवाज त्या दिवशी बसला होता, कॅमेरा ड्रमरकडे का गेलाच नाही, असलं सगळं. वाद कशावरनंही होतात पण एका गोष्टीवर आमचं कधीच दुमत झालं नाही. क्लिप बघणं वेगळं आणि एपिसोड बघणं वेगळं.

सगळ्यात माहितीतलं उदाहरण घेतो. ९ फेब्रुवारी १९६४, अमेरिकेतला एड सलिव्हन शो, बीटल्स पहिल्यांदा तिथल्या टीव्हीवर लाइव्ह गायले आणि अंदाजे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते बघितलं. त्याची क्लिप कुणी बघितली नाही असा संगीतप्रेमी सापडणं अवघड. पण तो पूर्ण एक तास किती जणांनी बघितलाय? बीटल्स सुरुवातीला तीन गाणी म्हणतात आणि मग एकदम शेवटाकडे परत येऊन दोन, आणि मधल्या वेळात जादूगार आहे, नकला करणारा माणूस आहे, टेसी ओशे नावाची भारदस्त ब्रिटिश गायिका जुन्या ढंगाची गाणी म्हणतेय, आणि ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकातले कलाकारही आहेत. म्हणजे तो कार्यक्रम पोरापोरींसाठी नव्हताच, सगळं घर एकत्र बसून बघायचा तो कार्यक्रम होता, आणि ते चौघं लांब केसवाले थेट आईबापांच्या समोर येऊन उभे राहिले. हे कळलं की त्या किंकाळ्यांचा अर्थच बदलतो.

आणि त्या नाटकवाल्यांमधे एक पोरगा होता, डेव्ही जोन्स. तो स्टेजच्या बाजूला उभा राहून बीटल्सना बघत होता, पुढे त्याने स्वतः सांगितलंय की त्या मुलींचं वेड बघून वाटलं, आपल्याला पण हेच पाहिजे. दोनच वर्षांत, १९६६ मधे, टीव्ही मालिकेसाठीच जमवलेल्या मंकीज या बँडमधे तो होता आणि त्याच्यासाठी पण पोरी तशाच ओरडत होत्या. एकाच तासात एका काळाची सुरुवात आणि तिचं पुढचं पाऊल दोन्ही आहेत, आणि क्लिप करणाऱ्याने नेमका तोच भाग कापलाय कारण त्यात बीटल्स नाहीत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेबाराला मित्राला उठवून सांगितलं होतं.

आता टॉप ऑफ द पॉप्स. बीबीसीचा हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या स्टुडिओतून सुरू झाला आणि ३० जुलै २००६ पर्यंत चालला, बेचाळीस वर्षं. नियम साधे होते. चार्टवर, म्हणजे रेकॉर्डच्या खपाच्या दर आठवड्याच्या यादीत, जे गाणं वर चाललंय ते घ्यायचं, खाली घसरायला लागलेलं घ्यायचं नाही आणि शेवटी नंबर वन. कलाकार येऊ शकला नाही तर पॅन्स पीपल नावाचा मुलींचा ग्रुप त्या गाण्यावर नाचायचा, आणि गाणं चार्टवर कुठे जाईल याचा भरवसा नसल्यामुळे त्यांना नाच बसवायला कधी कधी दोन-तीन दिवसच मिळायचे. काही नाच खरंच कच्चे आहेत. पण त्या बसवणाऱ्या फ्लिक कोल्बीचं नाव मला तरी अजून एकाही मराठी लेखात दिसलेलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

२०११ मधे बीबीसी फोरने या कार्यक्रमाचे १९७६ पासूनचे भाग क्रमाने पुन्हा दाखवायला घेतले, म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीचा तो तो आठवडा. आमच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. कारण आपण पुस्तकात काय वाचतो, १९७६-७७ मधे पंक, म्हणजे तो राकट बंडखोर रॉक, आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. आणि एपिसोड ओळीने बघायला बसलं तर काय दिसतं, १९७६ च्या वसंतात ब्रदरहुड ऑफ मॅन सहा आठवडे नंबर वन, मग अबा, आणि आठवड्यामागून आठवडे गुळगुळीत सूट घातलेले हसरे लोक. पंक येतंय येतंय म्हणून आपण वाट बघतो आणि ते येतच नाही, पुढच्या वर्षी येतं, ते पण दाराच्या फटीतून. १९७७ च्या जूनमधे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं राणीवरचं गाणं चार्टवर दोन नंबरला होतं आणि बीबीसीने ते वाजवायला बंदी घातलेली, वर एक नंबरला रॉड स्टुअर्ट. त्या आठवड्यांचे एपिसोड बघताना जे गाणं दाखवलंच जात नाही त्याची पोकळी जाणवते, आणि ही पोकळी कुठल्याही क्लिपमधे दिसू शकत नाही हो, ती फक्त अख्ख्या एपिसोडमधेच दिसते! माझ्या मते त्या काळाचा इतका खरा इतिहास दुसरीकडे नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. या कार्यक्रमाच्या काही निवेदकांचे गंभीर गुन्हे पुढे उघड झाले आणि त्यांचे एपिसोड पुन्हा दाखवले जात नाहीत. आमच्यात यावर बोलणं झालं, दोघांचं म्हणणं होतं की इतिहास आहे तसा दाखवा. मला ते पटत नाही. ज्यांना त्रास झाला त्यांच्या घरात तो चेहरा संध्याकाळी टीव्हीवर हसत यायला नको. एपिसोड जपून ठेवा, अभ्यास करणाऱ्याला द्या, पण लावू नका. अख्खा एपिसोड हवा असं मी म्हणतो तेव्हा त्याला ही मर्यादा आहे हे मला मान्य आहे.

पण मूळ दुखणं वेगळंच आहे. साठच्या दशकातले टॉप ऑफ द पॉप्सचे पूर्ण एपिसोड एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरलेत. पहिलावहिला एपिसोड, ज्यात रोलिंग स्टोन्स आणि डस्टी स्प्रिंगफील्ड होते, तो सुद्धा नाही. कारण त्या वेळी व्हिडिओ टेप दोन इंच रुंदीची असायची आणि प्रचंड महाग, म्हणून एकदा प्रक्षेपण झालं की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची. कलाकारांच्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवता यायचा नाही, घरी कुणाकडे व्हिडिओ नव्हता, रंगीत टीव्ही आल्यावर ब्लॅक अँड व्हाइटला कोण विचारणार असं वाटायचं. ज्यांनी पुसलं त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या लेखी ते कालचं वर्तमानपत्र होतं. पण नुकसान व्हायचं ते झालंच.

१६ जून १९६६ ला बीटल्स टॉप ऑफ द पॉप्सच्या स्टुडिओत स्वतः आले, या कार्यक्रमात ते लाइव्ह आले ते तेवढ्या एकाच वेळी. ती टेप गेली. मग २०१९ मधे काय सापडलं तर कुणीतरी घरातल्या टीव्हीसमोर ८ एमएमचा सिनेकॅमेरा धरून घेतलेले ११ सेकंद, तेही बिनआवाजाचे. अकरा सेकंद! मी ते कितीदा बघितले असतील. एका साध्या घरातल्या माणसाला वाटलं की हे जपायला हवं आणि केवळ म्हणून आज ते आहे. तसंच ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं. ४ जानेवारी १९७३ ला दाखवलेलं त्याचं गाणं कायमचं गेलं असंच सगळे धरून चालले होते, पण जॉन हेन्शॉल नावाच्या कॅमेरामनने त्या दिवशी स्वतःची खास फिशआय लेन्स वापरली होती आणि आपलं काम दाखवायला म्हणून त्याने एक कॉपी मागून घेतलेली. ती त्याच्याकडे जवळजवळ चाळीस वर्षं होती, आणि दुसरीकडे कुठेच ते नाही हे त्याला माहीतच नव्हतं! २०११ च्या डिसेंबरमधे ते परत टीव्हीवर दाखवलं. त्यात बोवी आणि मंडळी खरोखर लाइव्ह वाजवतायत, त्याच्या बँडमधल्या मिक रॉन्सनची गिटार ऐका एकदा, रेकॉर्डवर आहे त्याच्यापेक्षा कितीतरी राकट.

यावरनं आमचा कायमचा वाद आठवला, प्लेबॅकचा. टॉप ऑफ द पॉप्समधे बरेच जण नुसते ओठ हलवायचे म्हणून ते बघण्यात काय अर्थ आहे असं आमच्यातला एकजण नेहमी म्हणतो. त्याचं दैवत म्हणजे ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट, १९७१ मधे बीबीसी टू वर सुरू झालेला, छोटासा स्टुडिओ, उघड्या भिंती, प्रेक्षक जवळजवळ नाहीतच, आणि बँड हिट सिंगलपेक्षा आल्बममधली गाणी वाजवणार. नावाची गोष्ट पण छान आहे. जुन्या काळी गाणी लिहिणारे लोक नवी चाल ऑफिसच्या म्हाताऱ्या दरवानांना ऐकवायचे, ते 'ओल्ड ग्रेज', आणि एक-दोनदा ऐकून त्यांना ती शिट्टीवर वाजवता आली म्हणजे चाल पास. १९७३ मधे बॉब मार्ली आणि वेलर्स त्याच स्टुडिओत येऊन गेले, ते बघताना अंगावर काटा येतो, समोर टाळ्या नाहीत काही नाही, नुसती लय. मित्राचं म्हणणं मला कळतं. पण मला वाटतं ओठ हलवण्यात पण माणूस दिसतो. ६ जुलै १९७२ ला बोवी टॉप ऑफ द पॉप्सवर आला, गाता गाता त्याने रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला आणि बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखलं, आणि ते घरी बसून बघणारी कित्येक पोरं पुढे स्वतः गायक झाली. तो हात आणि ते बोट तर रेकॉर्डिंगमधे नव्हतं ना.

आणि लाइव्हची खरी मजा घड्याळात असते. ४ जानेवारी १९६९, बीबीसीवर लुलू या गायिकेचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण, गिटारवाला जिमी हेंड्रिक्स आपलं ठरलेलं गाणं मधेच थांबवतो आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीम या बँडसाठी त्यांचं गाणं सुरू करतो, वेळ संपत चाललीय, शेवटी लुलूबरोबर गायचं ठरलेलं ते राहूनच जातं. यातली धडधड अशी आहे की मागे घड्याळ चाललंय आणि कुणालाच ते थांबवता येत नाहीये. तीन मिनिटांची क्लिप मोबाइलवर बघणाऱ्याला वाटतं चला, अजून एक गिटार सोलो.

आयटीव्हीवरच्या रेडी स्टेडी गो बद्दल पण लिहायचं होतं, १९६३ ते ६६ तीनच वर्षं चालला, पण प्रेक्षक आणि कलाकार एकाच फरशीवर, मधे कठडा नाही, आणि डस्टी स्प्रिंगफील्डने १९६५ मधे मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांना आणून ब्रिटिश टीव्हीवर खास कार्यक्रम केला तो याच मांडवात. त्याचेही थोडेच एपिसोड वाचलेत. अमेरिकेतल्या सोल ट्रेनवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, डॉन कॉर्नेलियसने शिकागोत १९७० मधे छोट्या स्थानिक चॅनेलवर सुरू केलेला कार्यक्रम २००६ पर्यंत चालला आणि त्यातले नाचणारे साधे तरुण हेच त्याचे खरे स्टार होते. क्लिपमधे गायक उरतो, दोन रांगांमधून नाचत येणारी ती पोरं-पोरी जातात.

तर विनंती अशी. तुमच्या पुरवणीत या विषयावर अजून लिहा, जागा द्या, वाचणारे आहेत. लिहाल तेव्हा कुठला परफॉर्मन्स कुठल्या कार्यक्रमातला, कुठल्या तारखेचा, त्या एपिसोडमधे अजून कोण कोण होतं एवढं तरी द्या, आणि जमेल तिथे डायरेक्टर, कॅमेरामन, नाच बसवणारे यांची नावं पण. लेखकाला माझा निरोप सांगा की रागावलो नाहीये, फक्त त्यांनी एकदा सवड काढून तो ९ फेब्रुवारीचा पूर्ण तास बघावा, जादूगार, नकलाकार, टेसी ओशे सगळं, काहीही पुढे न ढकलता. आणि नाटकवाले आले की त्या पोराकडे लक्ष ठेवावं.

आपला,
एक नियमित वाचक