माळावर खड्डे नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की सोलापूर जिल्ह्यात वृक्षारोपणासाठी जागा शोधायला सुरुवात होते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, वनमहोत्सवात, कुठल्या तरी उघड्या माळावर शेकडो खड्डे पडतात. हेतूबद्दल शंका नाही. जागा मात्र बहुतेक वेळा चुकते. उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतले माळ म्हणजे तोडून संपवलेले जंगल, अशी समजूत त्यामागे असते. भारतीय उपखंडात उष्ण हवेत वाढणारी गवते सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती, कुऱ्हाड यायच्या कितीतरी आधी. इथे गवत आहे, कारण इथले हवामान गवताचे आहे.

हे कागदावर ताडून पाहता येते. व्लादिमिर कोपेन यांची हवामान वर्गीकरणाची पद्धत जगभर वापरतात. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणायचे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७० टक्के किंवा जास्त पाऊस पडत असेल, तर त्यात २८० मिळवायचे. सोलापूरचे सरासरी तापमान २७ अंश धरले तर ५४० अधिक २८०, म्हणजे ८२० मिलिमीटर. पाऊस याहून कमी असेल तर प्रदेश कोरडा, निम्म्याहून म्हणजे ४१० हूनही कमी असेल तर वाळवंट, आणि मधला असेल तर निमशुष्क. शहराचा पाऊस सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर, जिल्ह्यातल्या कित्येक मंडळांत त्याहून बराच कमी. म्हणजे आपण मधल्या पट्टीत ठामपणे बसतो. सह्याद्री चढताना ढग रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते, त्याचा हा परिणाम. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि जवळच्याच पाचगणीला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

त्यातही आपला पाऊस सलग नसतो. जूनमध्ये येतो, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ देतो आणि खरा जोर सप्टेंबरात धरतो. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे ओल साठायला जागाच नसते. पवना, मारवेल, कुसळी ही गवते वरच्या थरातली ओल मुळांच्या दाट जाळ्याने लगेच उचलतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बी पाडतात आणि पुढचे सहा-सात महिने वरून वाळून बुडख्यात जिवंत राहतात. झाडाच्या रोपाला तेच महिने हिरवे राहून काढावे लागतात, मे महिन्यातल्या ४२ अंशांसकट. खोलगट भागातल्या काळ्या रानात याच पावसाच्या साठलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकते. पाऊस एकच, पण जमिनीची खोली वेगळी.

माळावर दोन-दोन फुटांचे खड्डे किंवा सलग समतल चर खोदले की गवताच्या मुळांची वीण तुटते आणि खालचा मुरूम वर येतो. त्या उघड्या पट्ट्यात पवना परत लवकर येत नाही, गाजरगवत आणि तरवड मात्र येतात. टँकरने पाणी दिलेली रोपे पाणी थांबले की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात जातात. जी जगतात, ती जास्त नुकसान करतात. वृक्षारोपणात लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडिया) चरणारी जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकते आणि त्याच्या सावलीत ऊन लागणारे गवत मरते. धनगरांच्या मेंढ्यांची चराई तेवढी घटते.

माळढोक, धाविक, माळटिटवी, चंडोल हे सगळे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि दुरून शत्रू दिसण्यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. ओळीने लावलेली झाडे त्यांची नजर अडवतात आणि अंडी पळवणाऱ्या कावळ्यांना बसायला फांदी देतात. माळढोक एका वेळी सहसा एकच अंडे घालतो. १९७९ मध्ये नन्नजच्या माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालेल्या या जिल्ह्याला हे नव्याने सांगावे लागते, याचे मनापासून वाईट वाटते. काळवीट, लांडगा आणि खोकड यांचे घरही हाच माळ.

माळ खरोखर उजाड झाला असेल तर उपाय गवताचाच करावा. बी शक्यतो आदल्या वर्षीचे घ्यावे. ताजे बी सुप्त असते आणि नीट उगवत नाही. माती-शेणात कालवून जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरावे, आणि सेंटिमीटरभराहून खोल जाऊ देऊ नये. खोल गेलेले बारीक बी वर येतच नाही. पहिली दोन वर्षे चराई बंद ठेवावी. पुढे माळाचे चार भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग बी पडेपर्यंत राखावा. कापणी बी पडल्यानंतरच, चार बोटे बुडखा ठेवून. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढाव्यात. आपोआप उगवलेली तुरळक बोर, हिवर, बाभूळ तशीच राहू द्यावी. ती माळाचीच आहेत.

देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे माळ झुडपी पडीक म्हणून दाखवले जातात आणि खड्ड्यांचे उद्दिष्ट तिथेच येऊन पडते. जिल्हा प्रशासनाने यंदा जागा मंजूर करण्याआधी प्रत्येक ठिकाणी चार-पाच जागी पहार मारून पाहावी. फूटभराच्या आत मुरूम लागला आणि आजूबाजूला पवना-कुसळीचे बुडखे असतील, तर ती जागा यादीतून काढावी. कडुनिंब, करंज, चिंच, वड यांच्यासाठी ओढ्यांचे काठ, शेताचे बांध, शाळांची आवारे आणि शहरातले तापलेले रस्ते आहेत. तिथे माती खोल आहे किंवा पाणी देणारा माणूस जवळ आहे.

– गवताळ प्रदेशांचे अभ्यासक, सोलापूर