शेजारच्या गावातून आलेल्या भगिनींचे आभार

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीवरून आमच्या ख्रिस्ती मंडळीत दोन तट पडले. पाळकसाहेबांची बदली झाली, संडे स्कूल बंद पडलं. प्रभुभोजनालाही लोक एकमेकांकडे न बघता बसायचे. अशा दिवसांत तुम्ही एसटीने यायला लागलात.

कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे तुम्ही कधीच विचारलं नाही. दोन्ही तटांच्या घरी गेलात, टाळ घेऊन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हटलीत. अंथरुणाला खिळलेल्या आमच्या एका आजींचे केस विंचरून तुम्ही वेणी घातलीत, मग त्यांच्या उशाशी बसून बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचलंत. त्या घराकडे दुसऱ्या तटाचं कोणी फिरकत नव्हतं. हे कळल्यावर तिकडच्या दोघी तुमच्याबरोबर गेल्या, आणि बोलणं सुरू झालं.

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आलं, त्याआधी पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं होतं. आमच्याकडेही सुरुवात प्रार्थनेनेच झाली, हे मी ठामपणे सांगते.

संडे स्कूल पुन्हा भरतंय. बहिणींनो, तुम्ही नावं सांगितली नाहीत, चहा घेऊन लगेच शेवटची एसटी गाठायचात. प्रभू तुम्हाला आरोग्य देवो. नाताळात या, आणि या वेळी जेवूनच जा.