गोळी सुरू होण्याआधी एक जनुक तपासा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात (एएलएल) सुरुवातीची जोरदार केमोथेरपी संपली, की पुढे जवळपास दोन वर्षे घरीच रोज ६-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घ्यायची असते. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि त्याला पर्याय नाही. पण काही मुलांच्या पांढऱ्या पेशी याच गोळीने पार तळाला जातात. ताप येतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो, गोळी थांबवावी लागते. ती वारंवार थांबली की आजार उलटण्याची भीती वाढते.

हे औषध शरीरात निकामी करणाऱ्या टीपीएमटी या विकराचे (एन्झाइमचे) आनुवंशिक फरक १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये उलगडले आणि तिकडे त्याची तपासणी रूढ झाली. आपल्याकडे मात्र टीपीएमटी ठीक असलेल्या मुलांच्याही पेशी कोसळत होत्या. उत्तर २०१४ मध्ये कोरियातून आले. क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांमध्ये एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकातला बदल सापडला, आणि पुढच्या वर्षी कर्करोगाच्या मुलांमध्येही त्याची खात्री पटली. हा बदल युरोपीय वंशात विरळा, तर भारतीयांत साधारण आठ-दहा जणांत एकाकडे असतो. म्हणून फक्त टीपीएमटी तपासून ‘सर्व ठीक’ असा रिपोर्ट देणे आपल्या मुलांसाठी धोक्याचे आहे.

डोसमधला फरक किती मोठा आहे, हे एका हिशेबातून दिसेल. शरीराचे क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर असलेल्या मुलाला, चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम या दराने रोज सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी लागते. आई आणि वडील दोघांकडूनही बदललेले जनुक आले असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुरुवात १० मिलिग्रॅमच्या दराने करायची, म्हणजे रोज ७ मिलिग्रॅम. तीच एक गोळी या मुलाला आठवडाभर पुरते. एकच प्रत बदललेली असेल तर नेहमीच्या ३० ते ८० टक्के डोसने सुरुवात करतात. ५० मिलिग्रॅमच्या गोळीचे सात सारखे तुकडे घरी कोणालाच करता येणार नाहीत. म्हणून महाविद्यालयाच्या औषधनिर्माण विभागात याच औषधाचे पातळ रूप बनवण्याची सोय हवी. हे काम गोळ्या वाटण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि आज त्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे.

एनयूडीटी१५च्या तपासणीसाठी नवी यंत्रे नकोत. कोविडच्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना मिळालेली रिअल-टाइम पीसीआर यंत्रे यासाठी चालतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ मिली रक्त पुरते. हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पीसीआर अडवते. निदानाच्या दिवशीच्या रक्तात बहुतेक पेशी कर्करोगाच्या असू शकतात, त्यामुळे नमुना तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घ्यावा. पेशी फारच कमी असतील तर गालाच्या आतला स्वॅब घ्यावा. बहुतेक उपचारक्रमांत ही गोळी जोरदार केमोथेरपीच्या काळातच, पहिल्या महिन्यानंतर, प्रथम सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा नमुने एकत्र चालवले तरी रिपोर्ट वेळेत हाती येतो.

चाचणीच्या प्रत्येक फेरीत तिन्ही प्रकारांचे (एकही प्रत न बदललेली, एक बदललेली, दोन्ही बदललेल्या), उत्तर आधीच माहीत असलेले नियंत्रण नमुने आणि एक कोरा नमुना हवाच. दोन्ही प्रती बदललेला माणूस सहज सापडत नाही, त्यामुळे तो नियंत्रण नमुना कृत्रिम डीएनएचा घ्यावा लागेल. याच बदलाला अगदी खेटून, ४१६ व्या जागी, आणखी एक बदल असतो आणि तो बदल ओळखणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, म्हणजे प्रोबला, फसवतो. आलेखावर जो नमुना कुठल्याच गटात नीट बसत नाही, तो सँगर सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरे क्रमाने वाचणाऱ्या चाचणीला) पाठवायचा, अंदाजाने रिपोर्ट द्यायचा नाही.

एवढे करूनही घोटाळा शेवटच्या टप्प्यावर होतो. रिपोर्टवर नुसते ‘हेटरोझायगस’ (एकच प्रत बदललेली) लिहून येते, ते फाइलमध्ये राहते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी औषध चालू ठेवणाऱ्या डॉक्टरांना पत्ताच नसतो. रिपोर्टवर डोसचा सल्ला छापा आणि डिस्चार्ज कार्डावर तो ठळक लिहिणे सक्तीचे करा. रिपोर्ट सामान्य आला तरी नियमित सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सुटता कामा नये.

आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक विभागात एका महाविद्यालयाला केंद्र प्रयोगशाळा करा. तिथे कंत्राटी नव्हे, कायम वैज्ञानिक नेमा. यंत्र असते, किट संपते आणि माणूस निघून जातो, असेच आजवर होत आले आहे. चाचणीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कर्करोग पॅकेजमध्ये धरा. आणि कोणत्या जनुकप्रकाराच्या मुलाने प्रत्यक्षात किती डोस पेलला, याची नोंदवही नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीने आणि पालकांच्या संमतीने ठेवू द्या. जीनोमइंडिया प्रकल्पाने १० हजारांहून अधिक भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. पण त्यात कोणत्या मुलाला किती गोळी सोसली हे लिहिलेले नाही, ते वॉर्डातच कळते.

अॅझाथायोप्रिन हे याच कुळातले औषध त्वचारोग, मूत्रपिंड आणि पोटविकार विभागांतही दिले जाते, म्हणून ही सोय तिथल्या रुग्णांनाही खुली असावी. कार्यपद्धती लिहून देण्याची आणि तंत्रज्ञांना शिकवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग, पॅथॉलॉजी व औषधशास्त्र शिकवणारे डॉक्टर