अण्णा, घर शाबूत आहे

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

आम्ही तिघंही मजेत आहोत, हे आधीच सांगते. परवा फोन मध्येच कट झाला तो बाळ उठलं म्हणून, काही लपवायचं होतं म्हणून नाही. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं अर्धवट राहतं, म्हणून सगळं टाईप करून पाठवतेय, पिंट्याने मोठ्याने वाचून दाखवावं आणि शेवटचं गाळू नये.

अण्णा, आमच्या भिंतीत निघालेत ते मुंगळे आहेत, ही वाळवी नाही. वाईच्या घरी माडीची तुळई गेली ते तुमच्या मनातून जात नाही हे मला कळतं, पण वाळवी लाकूड खाते, हे मुंगळे खात नाहीत. इकडे अमेरिकेत ह्यांना कार्पेंटर अँट म्हणतात, ओलं होऊन मऊ पडलेलं लाकूड कोरून त्यात राहतात आणि भुसा बाहेर टाकतात. आई, तू व्हिडिओत बघून म्हणालीस ना की हे तर आपल्या परसातलेच, ते बरोबर आहे, दोघांचा वंश एकच, कॅम्पोनोटस. फक्त आपले जमिनीत झाडाच्या बुडाशी राहतात, इकडचे लाकडात. आणि इथे घराचा सांगाडाच लाकडाचा, म्हणून एवढं बघावं लागतं.

थंडी सरता सरता बाथरूमच्या खिडकीपाशी पंखवाले दिसायला लागले, खाली भुशाची छोटी रास, त्यात मेलेल्या किड्यांचे पाय वगैरे. बाहेर अजून गारठा आणि पंखवाले घरात, म्हणजे वारूळ भिंतीतच. पंखवाले निघायला वारूळ तीन ते सहा वर्षांचं जुनं व्हावं लागतं, म्हणजे आम्ही राहायला यायच्या आधीचं आहे. घर घेताना तपासलं नव्हतं का असं तुम्ही विचारलंत, तपासलं होतं अण्णा, पण तपासणारा माणूस दिसतं तेवढंच बघतो, भिंत फोडून नाही बघत.

हे मुंगळे जास्त करून रात्री फिरतात, म्हणून आमचे हे टॉर्च घेऊन रात्री घरामागे उभे राहायचे, तेव्हा रांग सापडली, कुंपणावरून थेट मागच्या कापलेल्या झाडाच्या बुंध्यात जाणारी. मूळ वारूळ तिथे, राणी तिथे. भिंतीतली त्यांची शाखा म्हणायची. आणि भिंतच का, तर वरची पन्हळ पानांनी तुंबली होती आणि सिएटलकडचा अख्खा हिवाळाभर पाऊस त्या कोपऱ्यातून फळ्यांच्या आत उतरत होता. मुंगळे नसते आले तर ती ओल कोणाला दिसलीच नसती, हे मी अगदी मनापासून म्हणतेय.

आता एक गोष्ट सांगते जी तुम्हाला पटणार नाही. इथे वसंत आला की लोक झाडाच्या सालीचे तुकडे विकत आणतात. हो, विकत. पोत्याने आणतात, जास्त लागली तर ट्रक येऊन दारात ढीग ओतून जातो आणि मग शनिवार-रविवारी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर. ब्युटी बार्क म्हणतात त्याला. झाडांच्या बुडाशी, वाटेच्या कडेला आणि थेट घराच्या भिंतीला टेकवून चार बोटं जाड थर देतात. तण कमी येतं, जुलै-ऑगस्टमध्ये इथे फारसा पाऊस नसतो तेव्हा माती ओली राहते, आणि दिसायला छान, असं कारण. आपण अंगण झाडून सडा घालून मोकळं ठेवतो आणि इथे पैसे देऊन पाचोळा अंथरतात, तो वर्षा-दोन वर्षांत कुजतो की परत नवा! त्या थराने फळ्यांची खालची कड कायम ओली राहते आणि ओलं लाकूड म्हणजे ह्यांना आमंत्रणच. मी तो सगळा भिंतीपासून अर्धा फूट मागे ओढला आणि मध्ये खडी टाकली. शेजारच्या काकूंना ते उघडंबोडकं वाटतं, वाटू दे.

आई, हळद आणि कापूर टाकून बघितला, दोन दिवस वाट बदलतात फक्त. दुकानातला स्प्रे मारला तर समोरचे मरतात, आतले तसेच. म्हणून हळू चालणारं औषध लागतं, मुंगळे ते अंगावरून, तोंडातून आत नेतात, एकमेकांना भरवतात आणि मग वारूळ संपतं. औषध भिंतीच्या पोकळीत आणि बाहेरून मारलंय, बाळ रांगतं त्या खोलीत अजिबात नाही. वाळेपर्यंत आम्ही मैत्रिणीकडे होतो. बुंधा उपटून काढला, सडलेली फळी बदलली, पन्हळ साफ केली, घराला टेकलेल्या फांद्या कापल्या, आता भुसा पडत नाही.

विमा ह्याचे पैसे देत नाही, किडामुंगीचं नुकसान इथे सहसा विम्यात धरत नाहीत, म्हणून सुताराची मजुरी खिशातून गेली. त्यामुळे कौलं बदलायला म्हणून जे पाठवणार होते त्यातले अर्धे आत्ता पाठवतेय आणि बाकीचे पावसाच्या आधी नक्की, अण्णा तुम्ही कोणाकडून उसने घेऊ नका, प्लीज. तिकिटाच्या पैशांना हात लावलेला नाही. पिंट्यासाठी बघितलेली मुलगी मला फोटोत खूप आवडली, बोलण्यात मोकळी वाटली, बघायच्या कार्यक्रमाला मी नव्हते तरी माझा होकार धरा. बस्त्याला मात्र मला व्हिडिओवर घ्या. आईने मोतीबिंदूचं लग्नानंतर बघू असं म्हटलं ते मला मान्य नाही, त्याचे पैसे मी वेगळे ठेवलेत आणि ऑपरेशनला मी जवळ नसणार म्हणून मावशीला आधीच विचारून ठेवलंय, रागावू नकोस.

पिंट्या, कार्यालयाची तारीख पक्की करायच्या आधी मला मेसेज कर, ह्यांना रजा खूप आधी टाकावी लागते. मुलीकडच्यांना मुंगळ्यांचं काही सांगू नकोस, ताईच्या घराला कीड लागली असं उगाच पसरेल.

तुमची,
छकू