एलॉयचा पोशाख: मुक्ताला पत्र

डोंबिवली

प्रिय मुक्ता,

तुझा मेसेज वाचला तेव्हापासून मनात तेच घोळतंय. "एलॉय करायचीय, सुरुवात कुठून करू?" गेममधल्या पात्राचा हुबेहूब पोशाख करून घालायचा, म्हणजे कॉस्प्ले करायचा, याला फोनवर दोन ओळींत काय उत्तर देणार? म्हणून निवांत लिहायला बसले. एक आधीच सांगते, फोम आणायला धावू नकोस. आधी नीट बघ.

एलॉय ज्या व्हिडिओ गेमची नायिका, तो हॉरायझन झीरो डॉन तू खेळलीच आहेस. पण खेळताना आपलं सगळं लक्ष समोरच्या यंत्रप्राण्यावर असतं, एलॉयच्या कपड्यांकडे कोण बघतं? आता गेम पुन्हा लाव, फोटो मोड उघड आणि कॅमेरा तिच्या खांद्यापाशी ने. चामड्याच्या तुकड्यांमधून ओवलेली वादी दिसेल. तिला लागूनच एखाद्या यंत्राच्या अंगावरून उचकटलेली पांढरी पट्टी दिसेल, वायरींनी आवळून बांधलेली. गरिला गेम्स ही ॲमस्टरडॅमची कंपनी. 2017 साली आलेल्या या गेमसाठी त्यांनी कॉस्प्लेवाल्यांसाठी एलॉयच्या पोशाखाची आणि शस्त्रांची वेगळी पुस्तिका काढली होती. ती उतरवून घे आणि मोठ्या कागदावर छापून भिंतीला लाव. मोबाईलच्या पडद्यावर बघून मापं काढत बसू नकोस, डोळे जातात आणि मापंही चुकतात.

मी तलवारवाल्या, चिलखतवाल्या इतक्या जणींना सोडून एलॉयच का निवडली माहितीये? तिच्या अंगावरची प्रत्येक वस्तू तिच्या जगात कुणीतरी हातानेच केलेली आहे. एलॉयच्या नोरा टोळीकडे कारखाना नाही. शिकारीचं कातडं, लोकर, यंत्रांचे सुटे भाग, एवढीच त्यांची सामग्री. म्हणजे आपण ज्या पद्धतीने हा पोशाख करणार, साधारण त्याच पद्धतीने तो तिथेही झालेला आहे. एखादा पट्टा कळेनासा झाला की मी स्वतःला विचारायचे, हा तिने कशासाठी बांधला असेल? बाणांचा भाता पेलायला? मग ताण कुठे येईल? उत्तर मिळालं की पट्ट्याची जागा आपोआप ठरायची. नुसतं चित्र बघून चिकटवलेला पट्टा अंगावर लगेच उपरा वाटतो.

आता चामड्याचं. यात तू माझ्यापेक्षा नशीबवान, कारण तू कोल्हापुरात आहेस! सगळं रेक्झीनमध्ये करायच्या भानगडीत पडू नकोस. मोठ्या भागांना रेक्झीन चालेल, स्वस्त पडतं आणि वजनालाही हलकं, पण पट्टे आणि वाद्या खऱ्या कातड्याच्याच हव्यात. चप्पल लाईनला जा, कारागिरांना भेट, उरलेले तुकडे आणि वाद्या माग. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा तो पिवळसर तपकिरी रंग नोरांच्या पोशाखाला इतका शोभतो की वर रंग द्यावाच लागत नाही. शिवाय कोल्हापुरी चप्पल खिळ्याशिवाय वादीने शिवतात, आणि तुला नेमकी तीच शिवण हवी आहे. तिथल्या एखाद्या काकांशेजारी अर्धा दिवस बस. दहा व्हिडिओ बघून कळणार नाही ते तिथे कळेल.

मला हे शिकवलं आमच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या चप्पल दुरुस्तीच्या काकांनी. आरी कातड्यातून आरपार घालायची, खालचा दोरा तिच्या खाचेत अडकवायचा, वर ओढून घ्यायचा आणि त्या फासातून दुसरं टोक काढून दोन्हीकडून ताणायचं. प्रत्येक टाका ताणताना ते अंगठ्याने दाबून बघत, सैल वाटला की परत मागे. मी चित्र दाखवून सांगितलं, ही शिकारी मुलगी आहे, हे तिचे खांद्यावरचे पट्टे. त्यांनी चष्मा वर करून ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हिचं भोक कडेला फार जवळ घेतलंय, ताण आला की फाटेल." मी माझ्या पट्ट्याला भोकं पाव इंच आत घेतली. चित्रापेक्षा वेगळं झालं, पण मजबूत झालं, आणि मला तेच बरोबर वाटतं.

आतला सदरा मांजरपाटाचा कर. चहाच्या पाण्यात थोडा कात घालून बुडव, वाळव, पुन्हा बुडव. फर मीटरवर मिळते, पण ती कात्रीने कापू नकोस. उलटी करून ब्लेडने फक्त मागचं कापड काप, म्हणजे केस अर्धवट तुटत नाहीत आणि जोड झाकला जातो.

यंत्राच्या पट्ट्यांसाठी मात्र ईव्हीए फोम. चपलांच्या तळव्याचा असतो ना, तोच. मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीत चपलांचं सामान मिळतं, तिथे शीट मिळते. तुझ्याकडेही चपलांचं सामान विकणारे असतीलच. जाड भागांना 10 मिमी, पट्ट्यांना 5, नक्षीला 2. आधी अंगावर जुना टीशर्ट घालून त्यावर क्लिंग फिल्म गुंडाळ, वर मास्किंग टेप, त्यावर पेनाने रेघा, मग कुणाकडून तरी सावकाश कापून घे. तो साचा सपाट केला की तुझ्याच मापाचा नमुना हातात येतो. फोम कापताना कटरचं पातं सारखं बदलत राहा, बोथट पात्याने कडा कुरतडल्यासारखी होते.

हीट गन फिरवली की फोमचा निस्तेज पृष्ठभाग किंचित चमकतो, बघता बघता. तो चमकला की समज, रंध्रं मिटली आणि आता रंग आत शोषला जाणार नाही. गरम असतानाच मांडीवर दाबून वाक द्यायचा, थंड होईपर्यंत सोडायचा नाही. चिकटवायला फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना लाव, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांब आणि मगच जोड. एकदा जुळलं की हलत नाही, म्हणून आधी पेनाने खुणा करून ठेव. आणि मुक्ता, खिडकी उघडी ठेव, मास्क लाव. एसआरचा वास आणि घासताना उडणारी फोमची पूड, दोन्ही छातीला वाईट. यात हयगय केलीस तर मी खरंच रागवेन.

रंग अॅक्रिलिक. पांढरा दिल्यावर पातळ काळा सगळीकडे फासून लगेच फडक्याने पूस, तो खाचांतच राहतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर थोडा चंदेरी. जिथे हात लागतो, पट्टा घासतो, तिथेच रंग उडालेला दाखव, सगळीकडे नको.

भाल्याला पीव्हीसी पाईप घे, पण मधून सुटा होईल असा कर, नाहीतर गाडीत नेणार कसा? पातं फोमचंच. कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यात दारातच शस्त्रं तपासतात आणि खरं धातूचं पातं आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फोकस, म्हणजे एलॉयच्या कानाजवळचं छोटं उपकरण, सगळ्यात सोपा: त्रिकोणी फोम, आत एक निळा एलईडी आणि 3 व्होल्टचा बटणसेल. तेवढ्या मिणमिणत्या उजेडाने चेहरा एकदम एलॉयचा होतो. विगला आधीच वेण्या घालून ठेव, पुढच्या बटा मोकळ्या.

तुझी मावशी म्हणाली म्हणे, तयार मिळतो तर एवढा खटाटोप कशाला? विकत घेऊन घालणारेही मनापासूनच घालतात, त्यांना कमी लेखू नये. पण 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा मर्टल डग्लस नावाच्या बाईने स्वतःसाठी आणि विज्ञानकथांचा चाहता फॉरेस्ट ॲकरमन याच्यासाठी भविष्यातले पोशाख शिवून नेले होते. या छंदाची सुरुवातच शिवणाऱ्या हातांची आहे. जपानात नागोयाला 2003 पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते, तिथल्या स्पर्धेतही कारागिरी बघतात. मावशींना हे सांग, आणि त्यांच्या शिलाई मशीनवर तुला बसू देतात का तेही विचार. मला वाटतं देतील.

माझ्याकडे 2 मिमीचा फोम बराच उरलाय आणि टिचबटणांचा पंच मी तूर्त वापरत नाहीये. दोन्ही कुरियरने पाठवते. तोवर मांजरपाट धुऊन आटवून घे, आणि कपाळावरून डोक्याचा घेर, खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची आणि दंडाचा घेर मोजून कळव. खांद्याच्या पट्टीचा नमुना मी इथेच कापून त्याच पार्सलात टाकते.

तुझीच,
रेवती