वागळे इस्टेटच्या खानावळींनाही जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात कुठे काय चांगलं खायला मिळतं, यावर आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी आवडीने वाचते. त्यात राम मारुती रोड असतो, तलावपाळी असते, अलीकडे घोडबंदर रोडची नवी हॉटेलंही असतात. वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत मात्र कधी दिसत नाही. मीसुद्धा बेचाळीस वर्षं नौपाड्यात राहते आणि गेल्या महिन्यापर्यंत हायवे ओलांडून वागळ्यात गेले ती दोनदाच, दोन्ही वेळा पासपोर्टसाठी.

गेल्या महिन्यात मिक्सरची मोटर जळली. सेवा केंद्रात सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, नवा घ्या. सोळा वर्षं चाललेला मिक्सर टाकून देववेना. वॉचमन म्हणाला, वागळ्यात वाइंडिंगवाले आहेत, तिकडे न्या. तिकडे रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. सोळा, बावीस, अठ्ठावीस असे विचारत विचारत एका गाळ्यात पोहोचले. तिथल्या कारागिराने मोटर उघडून पाहिली आणि म्हणाला, "तार भरून देतो, पण वार्निश वाळायला वेळ लागतो. तीन तास धरा." साडेबारा वाजले होते. जवळपास जेवायला कुठे मिळेल, असं मी विचारलं. तो जरा घुटमळला. "आम्ही जेवतो तिथे चालेल का तुम्हाला?" एवढं विचारताना त्याला जो संकोच वाटला, तो मला लागला. हायवेच्या अलीकडच्या माणसांनीच तो त्याच्या मनात घातलेला असणार.

दोन शेडच्या मधल्या बोळात एक गाळा. पाटी नाही. दाराशी पाण्याचं पिंप, आत पाच बाकं, मागे पत्र्याच्या आडोशाला चूल नव्हे, दोन मोठ्या शेगड्या. एक बाई भाकऱ्या थापत होत्या, दुसऱ्या वाढत होत्या. दोघी जावा, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. बाकांवर लेथवरचे, पॅकिंगमधले, प्रिंटिंगमधले कामगार. कुणी बिहारचा, कुणी रत्नागिरीचा, दोन मुली निळ्या एप्रनमध्ये. मी दाराशी उभी राहिले तर एक मुलगा ताट घेऊन उठला आणि कोपऱ्यात उभ्याने जेवू लागला. मला जागा दिली.

मेनू विचारायचा प्रश्नच नव्हता. रोज एकच असतं. त्या दिवशी मंगळवार, म्हणजे शेंगोळी. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि लसणीच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. वळ्यांचंच पीठ सुटून रस्सा दाट होतो, वेगळं काही लावावं लागत नाही. सोबत बाजरीची भाकरी, मेथीची सुकी भाजी, कांदा, खरडा आणि शेवटी थोडा भात. साठ रुपये. मी पहिला घास घेतला आणि थांबले. माझं माहेर मालवणकडचं. हा वास मी ओळखत होते. ताईंना तसं म्हटलं तर त्या हसल्या. "मावशी, आमचं हुलगं म्हंजे तुमचं कुळीथच की." आमच्याकडे कुळथाची पिठी भातावर घेतात, त्यांच्याकडे त्याची शेंगोळी होते. माणसारख्या कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत हुलगा येतो आणि कोकणातल्या वरकस जमिनीतही येतो. माझी आई गेल्यापासून मी कुळीथ घरात आणलाच नव्हता. त्या बाकावर बसून मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

मिक्सर तयार व्हायला वेळ होता आणि दोननंतर गर्दी ओसरली, म्हणून मी बसून राहिले. साठ रुपयांत परवडतं कसं, असं सरळ विचारलं. हिशेब ऐकण्यासारखा आहे. निम्म्याहून जास्त माणसं महिना बांधलेली. त्यामुळे उद्या किती जेवणार हे आजच माहीत असतं आणि अन्न वाया जात नाही. जो जेवायला येणार नाही, त्याने आदल्या रात्री सांगायचं. तो खाडा वहीत लिहिला जातो आणि महिन्याच्या पैशातून वजा होतो. भिंतीवरच्या खिळ्याला अशा पंधरावीस वह्या अडकवलेल्या होत्या. भाजी जांभळी नाक्यावरून, तीही रात्री मंडई आवरताना. हुलगे आणि बाजरी गावाहून एसटीने येते. सगळ्यात जड जातो तो गाळ्याच्या भाड्याचा आणि एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा खर्च. टाळेबंदीत जेवणारे एका आठवड्यात गावी गेले, वह्या तशाच राहिल्या. त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे परत आल्यावर आधी मागची बाकी दिली आणि मग ताट मागितलं, हे सांगताना धाकट्या जाऊबाईंचा आवाज बदलला.

या बायकांच्या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना खानावळवाल्या बायकांनीच जेवू घातलं. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या गेल्या, तशा त्या खानावळीही गेल्या. आता तिथे टॉवर आहेत. वागळ्यात तेच घडताना दिसतं. १ ऑगस्ट १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत याच वागळे इस्टेटमधल्या छोट्या समारंभात एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. आज तिथल्या शेड पाडून काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. त्या इमारतींत सफाई करणारे, पहारा देणारे, सामान पोहोचवणारे हजारो लोक आहेत. ते तळमजल्यावरच्या कॅफेत जेवू शकत नाहीत. बाजूच्या किसननगरात क्लस्टरचं, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचं भूमिपूजन २०२३ मध्ये झालं. जुन्या धोकादायक इमारतींतल्या माणसांना पक्की घरं मिळायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण भाड्याच्या गाळ्यात खानावळ चालवणाऱ्या बाईचं त्यात काय होतं? हक्क गाळामालकाचा. तिला फार तर महिनाभराची मुदत मिळते.

सरकारने स्वस्त जेवणाचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन्हींचा भार सरकारी तिजोरीवर. या जावा अनुदानाचा एक पैसाही न घेता साठ रुपयांत माणसाचं पोट भरतात. त्यांना हवा तो फक्त परवडणाऱ्या भाड्याचा दीड-दोनशे चौरस फुटांचा गाळा, पाण्याचा नळ आणि पुढच्या वर्षी इथेच असू याची खात्री. नव्या औद्योगिक इमारतींना आणि क्लस्टरच्या आराखड्यांना परवानगी देताना तळमजल्यावर असे काही गाळे खानावळींसाठी राखून ठेवावेत आणि सध्या व्यवसाय करणाऱ्या भाडेकरूंना त्यात पहिला हक्क द्यावा, अशी माझी ठाणे महापालिकेला आणि एमआयडीसीला विनंती आहे.

खानावळीचा पत्ता मी मुद्दाम दिलेला नाही. कामगारांना जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. एक वाजता आपण नौपाड्या-पाचपाखाडीतले लोक शेंगोळीचे फोटो काढायला रांगेत उभे राहिलो, तर त्यांना उपाशी कामावर जावं लागेल. त्या दिवशी एकाने माझ्यासाठी उभ्याने जेवण केलं, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी तीनदा गेले, पण अडीचनंतर. आपल्या वार्ताहराला पाठवणार असाल तर मी सोबत येईन. शेंगोळी तोवर संपलेली असते, पण भाकरी ताई गरम थापून देतात आणि खरडा असतोच.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)